म्हापशाची व्हिनेगरची बाटली आणि शारजाहून आलेले सहा डबे

मे महिन्यात गोव्याला गेलो होतो तेव्हा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून माडाच्या व्हिनेगरची बाटली आणली, आणि त्याच्या पुढच्याच आठवड्यात दादा शारजाहून सुट्टीवर आला तो रेनबोच्या इव्हॅपोरेटेड मिल्कचे (म्हणजे आटवलेलं, बिनसाखरेचं दूध) सहा डबे घेऊन, म्हणजे दोन्ही गोष्टी घरात एकदम आल्या आणि यांचं करायचं काय हा प्रश्न पण एकदमच आला. गेले तीन-साडेतीन महिने दोन्ही वापरतेय, तर म्हटलं लिहून टाकावं, कारण मला स्वतःला शोधताना जे काही सापडलं ते सगळं अमेरिकन मापात आणि अमेरिकन दुधाच्या हिशोबाने होतं आणि आपल्या पिशवीच्या दुधाला ते जसंच्या तसं लागू होत नाही. त्याबद्दल खाली सांगते.

आधी बाटली.

आमचं माहेर कुडाळचं. आंबट म्हणजे कोकम, फार तर चिंच, माशाच्या तिखल्यात कधी बिमली, आणि व्हिनेगर ही चायनीजच्या गाडीवर मिरच्या बुडवून ठेवलेली गोष्ट, एवढाच आमचा संबंध. गोव्यातही हिंदू घरांत बऱ्यापैकी हेच आहे, व्हिनेगर खरं वापरतात ते ख्रिश्चन घरांत, शकुती सोडली तर त्यांच्या जेवढ्या म्हणून फेमस डिश आहेत, विंदालू, सोर्पोतेल, बालशाव, रेशाद मसाला, चोरीस (डुकराच्या मांसाची सॉसेजेस), सगळ्यांच्या पोटात व्हिनेगर आहे. आणि ते बाटलीतलं पांढरं नाही, माडाचं. म्हणजे आपल्याकडे जिला माडी म्हणतात तीच, त्यांच्याकडे सूर, ती काढणारा रेंदेर दिवसातून तीनदा माडावर चढतो, सकाळ-संध्याकाळ रस उतरवायला आणि दुपारी पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, छाटायला, मग ती सूर आंबते आणि पुढे काही आठवडे बरणीत हवा लागत राहिली की दारूचं आंबट होतं. काही घालायचं नाही, काही उकळायचं नाही. दारू करणाऱ्याची नासली की बायकोचं व्हिनेगर झालं असा सरळ हिशोब असणार पूर्वी.

मला बाटली मिळाली ती एका बाईंकडे, चोरिसाच्या माळा टांगलेल्या त्या लाइनीत, जुन्या बाटलीत भरलेलं, पाऊण लिटर, १२० रुपये. लेबल वगैरे काही नाही. मी विचारलं किती दिवस टिकतं तर म्हणाल्या, "टिकता म्हणजे? तें आनी बरें जाता," म्हणजे उलट आणखी चांगलं होतं. येताना ट्रेनमध्ये बूच सैल राहिलं (चूक माझीच, वर प्लॅस्टिक बांधायला पाहिजे होतं) आणि नवऱ्याचे दोन शर्ट आणि काजूची पिशवी लोणचं झाली. शर्ट दोनदा धुतले तरी तिसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये कोणीतरी विचारलंच.

रंग फिक्कट, ताकाच्या निवळीसारखा थोडा गढूळ, आणि तळाला साका. महिन्याभरानंतर वर एक पातळसर साय आल्यासारखी जेली दिसायला लागली तर नवरा बेसिनमध्ये ओतायलाच निघाला होता. ती खराबी नाहीये. ती मदर, म्हणजे जे जंतू दारूचं व्हिनेगर करतात त्यांचीच चादर, गाळून घ्या आणि वापरा. बुरशी असेल तर ती कोरडी, केसाळ, हिरवी-काळी असते, तेव्हा मात्र खरंच ओता.

आता चव. मी मुद्दाम एक प्रयोग केला कारण नुसतं चमच्याने चाखून काही कळत नाही, सगळंच आंबट लागतं आणि डोळे मिटतात. चार बांगडे आणले. रेशाद मसाल्याचं सामान एकदाच काढलं, ब्याडगी मिरची, लसूण, आलं, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, हळद, साखर, आणि चार भाग करून एक भाग माडाच्या व्हिनेगरमध्ये वाटला, एक साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये, एक ॲपल सायडर व्हिनेगरमध्ये (लेकीने वजन कमी करायला आणलेलं, दोन दिवस प्यायली, मग बाटली माझ्याकडे आली) आणि एक आपल्या कोकमाच्या आगळात. पाण्याचा थेंब नाही. मिक्सर चार वेळा धुवावा लागला त्याबद्दल कोणी सहानुभूती दाखवली नाही.

पांढऱ्या व्हिनेगरचा बांगडा तव्यावर टाकला तेव्हाच नाकात गेला. खाताना आंबटपणा पहिल्याच घासाला समोर येऊन उभा राहतो आणि मग एकदम गायब, मागे नुसता मसाला उरतो. वाईट नाही, साखर जरा वाढवली तर चालून जाईल. ॲपल सायडरवाला मला आवडला नाही, सफरचंदाचा तो गोडसर वास मिरी-लवंगेबरोबर ठीक पण बांगड्याबरोबर नको वाटतो. आगळाचा बांगडा सगळ्यात आधी संपला, खोटं कशाला बोलू, पण तो रेशाद नव्हता, तो आमच्या घरचाच नेहमीचा बांगडा होता थोडा जास्त लाल, आणि आगळात मीठ असतं ते विसरल्यामुळे खारट झाला. आणि माडाचं, त्यात आंबटपणा मागून येतो, हळू, आणि थोडी गोडसर आंबूस चव राहते जिभेवर, आंबोळीच्या पिठाला सकाळी जो वास असतो ना त्याच्या जवळपास. सासूबाई, ज्यांना मी कुठला कोणता ते सांगितलंच नव्हतं, त्यांनी आगळाचा पहिला आणि माडाचा दुसरा लावला. त्या रत्नागिरीच्या आहेत, आगळाला पहिला नंबर देणार हे ठरलेलंच होतं.

उरलेला मसाला काचेच्या बाटल्यांत फ्रीजमध्ये ठेवला. व्हिनेगरचे तिन्ही महिनाभर छान राहिले, माडाचा तर पंधरा दिवसांनी जास्त चांगला लागला. स्टीलच्या डब्यात किंवा ॲल्युमिनियममध्ये ठेवू नका, आणि तांब्या-पितळेच्या भांड्याला तर व्हिनेगर दाखवू पण नका, बिनकल्हईच्या पातेल्यात आमटी कळकते तोच प्रकार होतो.

विंदालूबद्दल एक सांगायचंय कारण हॉटेलात गेलं की माझी चिडचिड होते. त्यात बटाटा नसतो. नावातला "आलू" हा आपला आलू नाही, पोर्तुगीजांकडे वाइन आणि लसणात मुरवलेल्या मांसाचा पदार्थ होता, विन्या म्हणजे वाइन आणि आल्योश म्हणजे लसूण, १५१० मध्ये ते गोव्यात आले, पुढे त्या पदार्थात वाइनच्या जागी हे माडाचं व्हिनेगर आलं आणि मिरच्या तर त्यांनीच आणल्या होत्या. म्हणजे अख्खी डिशच मुळात सबस्टिट्यूशन आहे! वसईकडच्या ईस्ट इंडियन लोकांचं (म्हणजे तिथल्या मूळच्या ख्रिश्चनांचं) इंद्याल पण त्याच घरातलं. मी चिकनचं केलं, रात्रभर मसाला आणि व्हिनेगर लावून ठेवून, पण खरं सांगते चिकनला एवढा वेळ नको, मांस पिठूळ होतं, दोन तास पुष्कळ. रात्रभर डुकराला किंवा मटणाला ठीक. आणि दुसऱ्या दिवशी खा. पहिल्या दिवशी व्हिनेगर वेगळं आणि रस्सा वेगळा लागतो.

माडाचं नसेल तर काय, हा खरा प्रश्न, कारण डोंबिवलीत मला ते कुठे मिळालेलं नाही, वांद्र्याला आणि मालाडच्या ओर्लेमला गोवन सामानाची छोटी दुकानं आहेत तिथे मिळतं. नसेल तर पांढरं व्हिनेगर घ्या, तीन चमच्यांना एक चमचा पाणी आणि सुपारीएवढा गूळ. सेम होत नाही पण तो टोचणारा भाग जातो. लिंबू नको, निदान शिजवायच्या पदार्थात नको, बराच वेळ उकळलं की लिंबू कडवट होतं आणि त्याचा वास पण उडून जातो, लिंबू शेवटी पिळायची वस्तू आहे. चिंच घातली तर चांगलं लागेल पण ते चिंचेचं चिकन होईल, रस्सा काळपट होतो आणि दाट होतो.

पण हे सगळं जिथे व्हिनेगरची चव हवी असते तिथलं झालं. अर्ध्या वेळेला रेसिपीमध्ये व्हिनेगर नुसतं ॲसिड म्हणून असतं, चवीशी त्याचा संबंध नसतो, आणि तिथे लोक उगाच एवढीशी बाटली आणायला दुकानात धावतात. पनीर घ्या. लिटरभर दुधाला दोन मोठे चमचे व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून, दूध उकळून गॅस बंद केल्यावर थोडं थोडं. लिंबाने पण होतं, दह्याने पण होतं, दह्याचं पनीर मऊ होतं आणि मला तेच आवडतं, व्हिनेगरचा फायदा एवढाच की वास धुतला जातो आणि लिंबासारखा मागे राहत नाही. यात माडाचं व्हिनेगर घालणं म्हणजे पैठणीने फरशी पुसणं. केकमध्ये तेच. अंडं नसलेल्या केकला चमचाभर व्हिनेगर सांगतात ते सोड्याला फसफसवायला, तिथे दही किंवा आंबट ताक चालतं, फक्त तेवढं दूध कमी करा. आणि तो प्रसिद्ध सल्ला, कपभर दुधात चमचाभर व्हिनेगर घालून दहा मिनिटं ठेवा म्हणजे बटरमिल्क तयार! अहो, फ्रीजमध्ये ताक आहे. ताकाच्या देशात बसून आपण दूध फाडून ताक बनवतोय. फक्त एक, त्यांचं बटरमिल्क आपल्या प्यायच्या ताकापेक्षा दाट असतं, तर दह्यात थोडंच पाणी घालून घुसळा, मठ्ठ्यासारखं पातळ नको.

अजून एक गोष्ट जी मला कुठल्याच रेसिपीत नीट लिहिलेली दिसली नाही पण आपल्या आज्यांना माहीत होती. आंबट आधी घातलं की भाजी, डाळ, बटाटा शिजत नाही. डाळ शिजल्यावर चिंच घाल म्हणायच्या ना, तसंच व्हिनेगरचं, ॲसिडमुळे बटाट्याच्या फोडी कडक राहतात. मी बटाट्याच्या सॅलडसाठी पाण्यातच व्हिनेगर घालून बटाटे उकडले तर वीस मिनिटांनी पण टणक. उलट याचा फायदा पण घेता येतो, फोडी मोडू द्यायच्या नसतील तर चमचाभर घाला.

पांढऱ्याबद्दल दोन शब्द लेबलवरचे. बाटली फिरवून मागे बघा. असेटिक ॲसिड पातळ करून बनवलेलं असेल तर त्यावर "सिंथेटिक" लिहिणं कंपनीला बंधनकारक आहे, आंबवून केलेल्याला ब्रूड म्हणतात. दोघांतही आपल्याकडे कमीत कमी ३.७५ टक्के असेटिक ॲसिड लागतं आणि बहुतेक बाटल्यांवर ४ टक्के दिसेल. परदेशी रेसिपी ५ टक्क्यांचं धरून चालतात. रोजच्या स्वयंपाकात काही फरक पडत नाही, पण व्हिनेगरच्या जोरावर टिकवायचं लोणचं करत असाल, काकडी, गाजर, बेबी कॉर्न, तर पडतो, तिथे व्हिनेगरमध्ये पाणी घालायला सांगितलं असेल तर आपल्या ४ टक्केवाल्यात ते पाणी कमी करा आणि फ्रीजमध्येच ठेवा. म्हापशाच्या बाटलीवर टक्का लिहिलेलाच नाही त्यामुळे टिकाऊ लोणच्याला मी ती वापरणार नाही, कितीही चवदार असली तरी. आणि सुटं असेटिक ॲसिड मिळतं, स्वस्त पडतं, घरी पातळ करा असं सांगणारे पण भेटतात. नको हो. ते कातडी भाजणारं ॲसिड आहे, किचनमध्ये पाण्यासारख्या दिसणाऱ्या बाटलीत ते ठेवायचंच नाही. स्वस्तातलं पांढरं माझ्याकडे मुख्यतः किटलीतला खार काढायला आणि मिक्सरच्या भांड्याचा लसणाचा वास घालवायला जातं, त्याला त्या कामात पाचपैकी पाच.

आता डबे.

दादाला मी सांगितलं होतं खजूर आण. त्याने डबे आणले, ४१० ग्रॅमचे सहा. "अगं कडक चाय कर, इथे सगळे ह्याचीच पितात." तिकडे तिला करक म्हणतात, आपलाच कडक, आपलीच माणसं घेऊन गेली आणि अरबांनी उचलला. वाळवंटात ताजं दूध कुठून मिळणार, डब्यातलं न उघडता महिनोन्महिने राहतं, म्हणून चहा त्याच्यावर बसला आणि आता ताजं दूध सगळीकडे मिळत असून पण चव तीच लागते लोकांना.

इव्हॅपोरेटेड आणि कंडेन्स्ड हे दोन वेगळे, हे पहिल्यांदाच नीट सांगते कारण आमच्याकडे ह्यात घोटाळा झालेलाच आहे. दोन्हीत दुधातलं साठ टक्क्यांच्या आसपास पाणी काढलेलं असतं. पण कंडेन्स्डमध्ये भरपूर साखर असते, चाळीस टक्क्यांच्या वर, आणि ते त्या साखरेमुळेच टिकतं. इव्हॅपोरेटेडमध्ये वरून घातलेली साखर शून्य, म्हणून ते डबा सील करून वर गरम करून निर्जंतुक करावं लागतं. आपल्या दुकानात "मिल्कचा डबा" म्हटलं की कंडेन्स्डच हातात देतात, आणि ॲपवर इव्हॅपोरेटेड टाइप करून शोधलं तर पहिले दहा रिझल्ट कंडेन्स्डचे आले, मी मागच्या वर्षी एका ठिकाणाहून मागवलं ते नाव इव्हॅपोरेटेड आणि फोटो इव्हॅपोरेटेड आणि घरी आला कंडेन्स्ड, लेकीने न वाचता तो व्हाइट सॉसमध्ये ओतला. गोड पास्ता. त्यात मिरी आणि लसूण. तो कोणी खाल्ला हे विचारू नका, बाईंना पण दिला नाही.

डबा उघडला की पहिलं लक्षात येतं ते रंग, दुधासारखा पांढरा नाही, फिक्कट बदामी. सासूबाईंनी वास घेतला आणि म्हणाल्या, "खाली लागलंय दूध." आणि गंमत म्हणजे बरोबर आहे त्यांचं. तो डबा बंद करून शंभराच्या वर तापवतात तेव्हा दुधातली साखर आणि प्रोटीन भाजल्यासारखी होतात, तोच वास, तोच रंग. काहींना तो आवडतो, खरवडीसारखा. माझ्या नवऱ्याला खूप आवडतो. सासूबाईंना नाही. मी मध्ये.

चहा: दोन कप पाणी, तीन चमचे पावडर, वेलची ठेचून, साखर, चांगलं पाच-सात मिनिटं उकळून काळं होऊ द्यायचं, मग अर्धा कप डब्यातलं दूध आणि परत दोन-तीन उकळ्या. साधं दूध घालून एवढा कडक चहा केला तर एकतर तो कडू होतो नाहीतर दूध वाढवत वाढवत पातळ होतो, ह्यात पाणीच कमी असल्यामुळे रंग विटकरी येतो आणि जीभेवर जड वाटतो. चांगला लागतो. रोज नको, रविवारी. आल्याचा चहा मात्र ह्यात मला नाही आवडला, आलं आणि तो भाजका वास एकमेकांशी भांडतात, वेलचीच पाहिजे, तिकडे केशर पण घालतात. उघडलेला डबा तसाच फ्रीजमध्ये ठेवू नका, काचेच्या बरणीत काढा आणि तीन-चार दिवसांत संपवा, एकदा सील तुटलं की ते साधं दूधच आहे.

आता बदली. मुंबईत इंपोर्टेड डबा अडीचशे-तीनशेला मिळतो आणि त्यात जेवढं दूध आहे ते आपल्या साध्या लिटरभर पिशवीत होतं. आपल्याला दूध आटवणं कोणी शिकवायला नको, बासुंदी-रबडीवर वाढलोय. पण इथे ती मापाची गोष्ट येते. सगळीकडे लिहिलेलं असतं, सव्वादोन कप दूध आटवून एक कप करा. हे त्यांच्या गाईच्या दुधाचं माप. इव्हॅपोरेटेड मिल्कमध्ये घन भाग साधारण २५ टक्के असतो, त्यात फॅट साडेसात-आठ. आपल्या गाईच्या दुधाच्या पिशवीत फॅट साडेतीन आणि बाकी घन साडेआठ, म्हणजे बारा टक्के, ते एक लिटरचं ४८० मिली केलं की बरोबर २५ टक्क्यांना पोचतं आणि फॅट पण सव्वासातच्या वर. परफेक्ट. पण बहुतेक घरात येतं फुल क्रीम, ज्यात सहा टक्के फॅट आणि नऊ टक्के बाकीचं, म्हणजे आधीच पंधरा. ते लिटरचं ६०० मिली झालं की थांबायचं. मी पहिल्यांदा फुल क्रीम अर्ध्याहून खाली आणलं रेसिपीत म्हटलंय म्हणून, आणि जे झालं त्यात चारोळी घातली आणि बासुंदी म्हणून वाढलं. तक्रार कोणी केली नाही अर्थात.

पसरट जाड बुडाच्या कढईत, मध्यम गॅसवर, कडेची साय सारखी आत ढकलत, मला पाऊण तास लागला लिटरला. घाई असेल तर मिल्क पावडर, पाऊण कप कोमट पाण्यात दोन तृतीयांश कप पावडर, फुल क्रीमवाली असेल तर उत्तम, गुठळ्या मोडून गाळून घ्या. हे पाच मिनिटांत होतं आणि चहात, खिरीत, कस्टर्डमध्ये, ट्रेस लेचेसमध्ये (ते तीन दुधांचा केक, त्यातलं एक दूध हेच) कोणाला कळत नाही. उलटं पण करता येतं, डब्यातल्या दुधात त्याच्याएवढंच पाणी घातलं की साधं दूध, मुसळधार पावसात दूधवाला आला नाही त्या दिवशी मी तेच केलं, चहाला चाललं, नुसतं प्यायला नाही.

मग डब्याचा फायदा कुठेच नाही का? आहे, आणि तो मला तिसऱ्या डब्यात कळला. टोमॅटो सूपमध्ये मी एकदा घरचं आटवलेलं घातलं तर सूप फाटलं, बारीक कण कण, चव ठीक पण दिसायला आजारी. डब्यातलं घातलं तर काही झालं नाही, छान मखमली. डब्यावर बारीक अक्षरात फॉस्फेट आणि कॅराजीनन असं काहीतरी लिहिलेलं असतं ते ह्यासाठीच, एवढ्या उष्णतेत आणि महिनोन्महिने डब्यात दूध फाटू नये म्हणून घातलेलं, आणि त्याचा उपयोग मग आपल्या कढईत पण होतो. चीज सॉसचं तेच, मैदा नाही काही नाही, गरम डब्यातल्या दुधात किसलेलं चेडार टाकलं की विरघळतं आणि तेल सुटत नाही, घरच्या आटवलेल्यात चीजची रबरी गोळी होऊन चमच्याला लटकते. पण जर चीज अमूलचं प्रोसेस्ड असेल तर त्यात फॉस्फेटसारखे क्षार आधीच असतात, मग साधं आटवलेलं दूध पण चालतं, डब्याची गरज नाही. घरच्या दुधाने सूप करायचंच असेल तर एक चमचा कॉर्नफ्लोअर दुधात आधी शिजवून घ्या आणि सूप दुधात थोडं थोडं घाला, दूध सुपात नाही. बऱ्यापैकी वाचतं.

आणि हो, बाटली आणि डबा एकत्र. कपभर डब्यातलं दूध, एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर, ढवळून पाच मिनिटं ठेवलं की दाट होतं, फाटत नाही, दाट होतं, आणि सावर क्रीमच्या जागी चालतं. उकडलेल्या बटाट्यावर, टाकोजवर, मीठ मिरी पातीचा कांदा घालून डिप म्हणून. मी म्हटलं आता माडाचं घालून बघू, आणि अर्ध्या वाटीवर बघितलं. ते पण छान लागलं पण आंबूस वास आणि भाजका वास असे दोन वास एका वाटीत, लेक म्हणाली हे कुठल्या देशाचं आहे. पण खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा चक्का बरा, चक्क्यात दोन चमचे दूध घातलं की झालं सावर क्रीम, डबा फोडायची गरजच नाही.

तर माझ्याकडून मार्क. म्हापशाची बाटली पाचपैकी साडेचार, अर्धा मार्क बुचाचा आणि लेबल नसल्याचा, गोव्याला कोणी जात असेल तर मी दोन सांगणार आहे. पांढरं तीन, किटलीसकट चार. ॲपल सायडर दोन, बाटली अजून अर्धी आहे, कोणाला हवी असेल तर सांगा. डब्यातलं दूध, कोणी गल्फहून आणून दिलं तर चार, अडीचशे रुपये देऊन घ्यायचं तर अडीच, फक्त चीज सॉस आणि टोमॅटोसाठी घ्या. सहातले दोन डबे अजून शिल्लक आहेत आणि ते नवऱ्याने रविवारच्या चहासाठी वरच्या कप्प्यात लपवलेत, मला माहीत नाही असं त्याला वाटतं. दादाला व्हॉट्सॲप केलंय, दिवाळीला दोनच आण, बाकी जागेत खजूर.